‘बंद’ या शब्दाचा अर्थ आणि चुंबकीय अनुस्पंदनाचे प्रशिक्षण

डॉक्टरेटनंतरच्या प्रशिक्षणात तरुण शास्त्रज्ञाने काय आत्मसात करावे, याचा विचार सामान्यतः त्याच्या विज्ञानशाखेच्या मर्यादेतच केला जातो. जैववैद्यकीय चुंबकीय अनुस्पंदन-प्रतिमांकन, म्हणजेच रूढ भाषेत ‘एमआरआय’, या विषयापुरती तरी ही मर्यादा अपुरी आहे. पुंजभौतिकी, रेडिओतंत्र, गणित आणि शरीररचनाशास्त्र यांचा येथे संगम होतो, हे प्रशिक्षण आखणारे जाणतात. परंतु या विद्येची प्रयोगवस्तू जिवंत माणूस आहे व त्या माणसाला भाषा आहे, याची दखल अभ्यासक्रमात क्वचितच आढळते.

महाराष्ट्रात ही विद्या नवी नाही. अल्कोहोलच्या रेणूतील हायड्रोजनचे तीन निरनिराळे संकेत दाखविणारे स्टॅनफर्ड येथील संशोधन १९५१ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या तीन कर्त्यांपैकी एस. एस. धर्मट्टी यांनी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विषयाचा संशोधनगट उभारला. मार्च २०२५ मध्ये मुंबईच्या ‘समीर’ या संस्थेने देशी बनावटीच्या १.५ टेस्ला यंत्राच्या चाचणीसाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेशी करार केला. अशी यंत्रे येथेच घडू लागल्यावर ती जाणणारी माणसेही येथेच घडवावी लागतील.

या शास्त्रात नावांचा प्रश्न आरंभापासून आहे. पॉल लॉटरबर यांनी १९७३ साली आपल्या पद्धतीला ‘झ्यूग्मॅटोग्राफी’ हे नाव दिले. त्याच्या मुळाशी असलेला ग्रीक शब्द ‘जोडणे’ या अर्थाचा असून संस्कृत ‘युग’ व मराठी ‘जू’ यांचा तो सगोत्र आहे. दोन क्षेत्रे एका जुवाला जोडण्याची ती कल्पना समर्पक होती; तरीही नाव टिकले नाही. पुढे ‘अणुकेंद्रीय’ हे विशेषणही रुग्णालयांच्या भाषेतून गळाले, कारण येथे किरणोत्सर्गाचा संबंध नसताना त्या शब्दाने लोकांच्या मनात भय उत्पन्न होत असे. मराठीत ‘अनुनाद’ आणि ‘अनुस्पंदन’ असे दोन पर्याय दिसतात. त्यांपैकी दुसरा अधिक ग्राह्य होय. यंत्राचा कर्कश आवाज चुंबकक्षेत्रातील वेटोळ्यांतून बदलते प्रवाह वाहिल्याने होतो. हायड्रोजनच्या केंद्रांचे अनुस्पंदन मात्र निःशब्द असते. १.५ टेस्लाच्या क्षेत्रात ते सेकंदाला सुमारे ६.४ कोटी आवर्तनांच्या वारंवारतेने घडते. ‘अनुनाद’ म्हटल्याने तो आवाज हेच अनुस्पंदन, असा भ्रम होण्याचा संभव आहे.

पारिभाषिक शब्दांची चिकित्सा कोशकार करतीलच. अधिक धोका साध्या शब्दांत आहे. भिवंडी हे यंत्रमागांचे गाव. तेथे मराठी, उर्दू, हिंदी व तेलुगू बोलणारे कामगार एकाच छताखाली वावरतात आणि ‘माग बंद आहे’ या वाक्याचा अर्थ सर्वांना एकच कळतो: वीज तोडली, धोटा थांबला, आता हात घालण्यास हरकत नाही. असा कामगार प्रतिमांकनाच्या खोलीपाशी येतो, तेव्हा हाच अर्थ बरोबर घेऊन येतो. परंतु अतिवाहक चुंबकाच्या यंत्रात ‘बंद’ होतात ते संगणक, रेडिओलहरी आणि आवाज. सुमारे उणे २६९ अंश सेल्सियसच्या द्रवरूप हेलियमने थंड ठेवलेल्या वेटोळ्यातील प्रवाह विरोधावाचून फिरतच राहतो व लोखंड ओढणारे क्षेत्र रात्रंदिवस कायम असते. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतील एका रुग्णालयात प्राणवायूची टाकी घेऊन खोलीत शिरलेला एक तरुण यंत्राकडे खेचला जाऊन मृत्यू पावला. यंत्र बंद असल्याचे आश्वासन त्याला देण्यात आले होते, असे नातेवाइकांनी सांगितल्याचे वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाले. त्या दुर्घटनेची कारणे अनेक असतील. पण ‘बंद’ या शब्दाने वस्तुस्थिती सांगता येत नाही, हे त्यातून स्पष्ट होते.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, संशोधनाची भाषा इंग्रजी आहे आणि रुग्णाशी बोलणे हे तंत्रज्ञाचे काम आहे. आक्षेपाचा पहिला भाग खरा आहे. दुसरा टिकत नाही. संशोधनासाठी प्रतिमा घेताना संमती मागण्याचे दायित्व संशोधकावर असते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे ही माहिती सहभागी व्यक्तीला समजेल अशा भाषेत द्यावी, असे सांगतात. इंग्रजी पत्रकाचे शब्दशः भाषांतर करून हे कर्तव्य पार पडत नाही. कारण ‘बंद’ हे भाषांतर म्हणून निर्दोष असूनही विधान म्हणून घातक ठरते.

म्हणून प्रशिक्षणार्थ्याने एक माहितीपत्रक मराठीत किंवा उर्दूत स्वतः लिहावे, ते प्रयोगशाळेबाहेरच्या माणसाला वाचून दाखवावे आणि त्याला काय समजले ते त्याच्याच शब्दांत ऐकावे. भिवंडीच्या मागवाल्याने ‘म्हणजे आवाज थांबला तरी लोहचुंबक चालूच असतो’ असे उत्तर दिले, तर पत्रक साधले. त्याने ‘बंद असताना जायला हरकत नाही’ असे म्हटले, तर त्या शास्त्रज्ञाचे प्रशिक्षण अद्याप पुरे झालेले नाही असे समजावे, मग त्याचे गणित कितीही निर्दोष असो.