अखेरच्या तासाचा पंचनामा : मार्केस यांच्या कादंबरीतील हालचालींची पुनर्रचना

प्रस्तावना

खुनाच्या तपासात मृताच्या अखेरच्या हालचालींची पुनर्रचना हा महत्त्वाचा टप्पा मानला जातो. मृत व्यक्ती घरातून केव्हा निघाली, कोणत्या वाटेने गेली, तिला शेवटचे कोणी पाहिले आणि त्या वेळी साक्षीदार कोठे होते, या प्रश्नांच्या उत्तरांतून संशयितांचे वर्तुळ लहान होत जाते. रहस्यकथेनेही हीच पद्धत स्वीकारली आहे. गाब्रिएल गार्सिया मार्केस यांची १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेली 'क्रॉनिकल ऑफ अ डेथ फोरटोल्ड' ही कादंबरी याच पद्धतीचा अवलंब करते. मात्र येथे खुनी कोण हे आरंभीच उघड झालेले असते. कोलंबियातील सुक्रे येथे १९५१ मध्ये घडलेल्या प्रत्यक्ष खुनाचा आधार या कादंबरीला आहे. खुनी ज्ञात असताना हालचालींचा एवढा सूक्ष्म शोध कशासाठी, हा प्रश्न प्रस्तुत लेखात विचारात घेतला आहे.

साक्षीदारांच्या हालचाली

लग्नाच्या रात्रीच बायार्दो सान रोमान आपल्या पत्नीला, आंखेला विकारिओला, माहेरी परत आणून सोडतो. कौमार्यभंगाचा जाब विचारला असता ती सांतियागो नासारचे नाव घेते. तिचे जुळे भाऊ पेद्रो व पाब्लो सुऱ्या घेऊन क्लोतिल्दे आर्मेंताच्या दुधाच्या दुकानात त्याची वाट पाहत बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला आपला बेत सांगतात. बिशपच्या बोटीसाठी सांतियागो साडेपाचला उठतो, सहा वाजून पाच मिनिटांनी घराबाहेर पडतो आणि तासाभरात मारला जातो.

सत्तावीस वर्षांनी गावात परतलेला निवेदक या तासाची जुळणी करतो. न्यायालयाच्या पुरात भिजलेल्या दप्तरातून हाती लागलेली पाने आणि गावकऱ्यांच्या आठवणी ही त्याची साधने आहेत. त्या सकाळचे हवामानही साक्षीदारांना एकसारखे आठवत नाही. कुणाला लख्ख ऊन स्मरते, तर कुणाला पावसाची भुरभुर. हालचालींचा तपशील मात्र बराच जुळतो आणि तोच गावाविरुद्धचा पुरावा ठरतो. कर्नल अपोंते जुळ्यांच्या सुऱ्या काढून घेतो, पण त्यांना मोकळे सोडतो. ते दुसऱ्या सुऱ्या आणतात. पुन्हा सूचना मिळाल्यावर तो रात्रीच्या डॉमिनोच्या खेळाची खातरजमा करण्यासाठी क्लबात शिरतो आणि बाहेर येईपर्यंत खून झालेला असतो. बिशपच्या स्वागताच्या गडबडीत पाद्री निरोपच विसरतो. इशाऱ्याची चिठ्ठी दाराखाली पडून राहते. क्रिस्तो बेदोया मित्राला घरी शोधत असतो, तेव्हा तो मित्र आपल्या वाग्दत्त वधूच्या घरी असतो. येथे साक्षीदाराची 'मी तेथे होतो' ही जबानी त्याला निर्दोष ठरवीत नाही. तो तेथे असूनही काय केले नाही, हे ती सांगते. पुनर्रचनेचा रोख गुन्हेगाराकडून समाजाकडे वळतो.

पुनर्रचनेतील रिकामी जागा

या काटेकोर जुळणीत एक मोठी पोकळी आहे. मृताच्या एका तासाचा मिनिटामिनिटाचा हिशेब लागतो. परंतु ज्या आरोपापायी तो मारला गेला, त्याचा हिशेब कोठेच लागत नाही. आंखेला आणि सांतियागो कोठे भेटले, केव्हा भेटले, याचा एकही साक्षीदार नाही. दोघांना एकत्र पाहिल्याचे गावात कुणीच सांगत नाही. सांतियागोने अपराध केल्याचा कोणताही माग सापडत नाही, ही गोष्ट तपास करणाऱ्या न्यायाधीशालाही अस्वस्थ करते. तरीही अब्रूच्या रक्षणासाठी केलेली हत्या हा बचाव न्यायालय मान्य करते. म्हणजे खून कसा झाला याला पुरावा लागतो. तो का झाला याला लोकसमजूत पुरते. साहित्याचा ओढा असलेला हा न्यायाधीश योगायोगांनी थक्क होतो. त्याची समासातील टिपणे नियतीकडे बोट दाखवतात. कादंबरीतील तपशील मात्र नियतीपेक्षा टाळाटाळीचे चित्र अधिक स्पष्ट करतात. ही कादंबरी केवळ दैवाची शोकांतिका म्हणून वाचणे म्हणूनच अपुरे ठरते.

निवेदकाचे स्थानही या संदर्भात तपासण्याजोगे आहे. तो मृताचा मित्र आहे आणि त्या वेळी मारिया अलेखांद्रिना सेर्वांतेसच्या शय्येत होता. इतरांच्या गैरहजेरीची नोंद घेणारा स्वतःही गैरहजर होता. त्यामुळे त्याची संहिता तटस्थ अहवाल राहत नाही. गावाच्या सामूहिक जबाबातील ती आणखी एक जबानी होते.

समारोप

कादंबरीतील दारांची योजना हा विचार मूर्त करते. मुलगा आत आला आहे, असे दिविना फ्लोरच्या सांगण्यावरून समजून आई दर्शनी दार अडसर लावून बंद करते. मुलगा तेव्हा काही पावलांवर बाहेर असतो. त्याच दारापाशी त्याच्यावर वार होतात. त्यानंतर तो घराला वळसा घालून, शेजाऱ्यांच्या घरातून वाट काढीत, रोजच्या वापरातील मागील दाराने स्वयंपाकघरात येऊन कोसळतो. त्याच्या हालचालींतील ही शेवटची नोंद सर्वांत नेमकी आहे, कारण ती सर्वांच्या डोळ्यांदेखत घडते. तपासाची पुनर्रचना गुन्हेगार सापडताच थांबते. मार्केस यांची पुनर्रचना तेथून सुरू होते आणि पाहणाऱ्याच्या जबाबदारीपाशी येऊन ठेपते. कायद्याच्या कक्षेत न मावणारी ही जबाबदारी नोंदवणे, हे या कादंबरीचे खरे कार्य आहे.