किटलीच्या कानाखाली

आपल्याकडे नाटकाचं परीक्षण छापून येतं, पुस्तकाचं येतं, गाण्याच्या बैठकीचं येतं. चहाच्या किटलीचं परीक्षण मात्र कोणी लिहीत नाही. वास्तविक मध्यमवर्गीय माणूस नाटकाला वर्षातून दोनदा जातो आणि चहा दिवसातून चारदा पितो. तेव्हा ही उणीव कोणीतरी भरून काढायला हवीच होती. माझी पात्रता विचाराल, तर मी बी.कॉम. आहे आणि बावीस वर्षं बँकेत काउंटरच्या आतल्या बाजूला बसतो आहे. सौंदर्यशास्त्र मला येत नाही. पण समोर आलेला कागद खरा आहे का, सही जुळते का, आणि एवढं होऊन खात्यात शिल्लक आहे का, हे तीन प्रश्न विचारायची सवय आहे. टीकाकाराला याहून जास्त काय लागतं, हे अजून मला कोणी पटवून दिलेलं नाही.

परीक्षणाला घेतलेली किटली चीनमधल्या यीशिंगची. ‘चिनी माती’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लोणच्याची बरणी उभी राहते. खाली पांढरी, खांद्यावर तपकिरी आणि अंगावर अशी झिलई की माशी बसली तर घसरावी. यीशिंगच्या किटलीला झिलईचा थेंबही लागलेला नसतो. शांघायच्या पश्चिमेला ताइहू नावाचं अवाढव्य तळं आहे. त्याच्या पश्चिमेच्या बाजूला, जिआंग्सू प्रांतात, यीशिंग आहे आणि त्यातलं डिंगशू हे कुंभारांचं गाव. तिथल्या डोंगरातून जी निघते ती माती नव्हेच, दगड. तो उन्हापावसात टाकून फोडायचा, दळायचा, चाळायचा, पाण्यात मळायचा आणि मुरवत ठेवायचा, तेव्हा त्याची माती होते. तिचं नाव ‘झीशा’, म्हणजे जांभळी वाळू. नाव जांभळं असलं तरी तांबडी आणि पिवळसर अशाही तिच्या जाती आहेत.

आमचा भाचा नोकरीनिमित्त शांघायला असतो. सहा वर्षांपूर्वी येताना त्यानं यातली एक जांभळी किटली आणली. आकार मोसंब्याएवढा. आमच्या हिनं ती तळहातावर घेतली, झाकण काढून आत डोकावली आणि विचारलं, “मोठी मागाहून येणार आहे का रे?”

“मामी, तिथे एवढ्याच असतात,” भाचा म्हणाला.

त्याचं खरं होतं. दीडशे मिलिलिटरच्या किटलीत पानं मुठीनं घालायची, पाणी बेतानं ओतायचं, अर्ध्या मिनिटात चहा गाळून घ्यायचा आणि त्याच पानांवर पुन्हा पाणी घालायचं. असं पाच-सहा वेळा. पेले खोकल्याच्या औषधाच्या मापाएवढे. आपला आलं, दूध, साखर घालून रटरट उकळलेला चहा हिच्यात चालत नाही. बिनझिलईच्या मातीच्या अंगात दूध मुरलं की पुढे काय होईल, ते सांगायला टीकाकार कशाला हवा!

आता कारागिरीकडे वळू. ही किटली चाकावर घडत नाही. आपला कुंभार चाक फिरवतो आणि मडकं जणू आपोआप वर येतं. यीशिंगचा कारागीर मातीचा गोळा लाकडी मोगरीनं थापून त्याची सारख्या जाडीची पट्टी करतो, ती वळवून नळकांडं करतो आणि मग एका हाताचा आधार आतून देऊन बाहेरून फळीनं थोपटत थोपटत त्याला पोट आणतो. पोट चहादेखील न पिता येतं, हे आम्हा बँकवाल्यांना ठाऊकच आहे. पण ते सगळ्या बाजूंनी सारखं येणं, यात कला आहे. तोटी, कान आणि झाकणाची बोंडी वेगळी करून चिकटवतात. शेवटी शिंगाच्या पातळ पट्टीनं अंग घोटतात. मग अकराशे-बाराशे अंशांची भट्टी.

भट्टीत माती आकसते, आणि जात बारीक व तांबडी असेल तर फारच आकसते. म्हणून किटलीचं झाकण किटलीवरच ठेवून भाजतात, म्हणजे दोघं एकाच आगीत, एकाच मापानं आकसतील. झिलई नसल्यामुळे ती एकमेकांना चिकटूनही बसत नाहीत. यामुळेच एकीचं झाकण दुसरीला बसत नाही. लग्न जमवणाऱ्या मंडळींनी या पद्धतीचा विचार करायला हरकत नाही.

गुणांची पहिली परीक्षा याच झाकणाची. किटली पाण्यानं भरायची, ओतू लागायचं आणि बोंडीवरचं बारीक भोक बोटानं दाबायचं. झाकण नीट बसलेलं असेल तर धार तुटते. आत हवा शिरली नाही तर पाणी बाहेर पडत नाही, हे आपण शाळेत शिकलो होतो. फक्त मार्क मिळाल्यावर विसरलो. विक्रेते ही परीक्षा मोठ्या थाटात करून दाखवतात. पण बँकेतला माणूस एवढ्यावर कर्ज देत नाही. स्वस्त, साच्यातल्या किटलीचं झाकणही बारीक भुकटीनं घासून असं घट्ट बसवता येतं, आणि उत्तम हातच्या कित्येक जुन्या किटल्यांची झाकणं थोडी सैल असतात. झाकण घट्ट आहे यावरून झाकण घट्ट आहे एवढंच सिद्ध होतं.

दुसरी परीक्षा रेषेची. झाकण काढून किटली पालथी घातली की तोटीचं टोक, तोंडाची कड आणि कानाचा माथा हे तिन्ही एकदम टेकले पाहिजेत, असं जाणकार सांगतात. हे काही आकारांना लागू आहे, सगळ्यांना नाही. पण तोटीचं टोक तोंडाच्या कडेपेक्षा खाली असता कामा नये, हे मात्र सगळ्यांना लागू. नाहीतर किटली भरायच्या आधीच तोटीतून चहा वाहू लागेल. यात सौंदर्यशास्त्र नाही, पाण्याची पातळी आहे.

तिसरी आणि माझ्या मते खरी परीक्षा ओतण्याची. धार गोल, एकसंध पडावी आणि किटली सरळ करताच तुटावी. शेवटचा थेंब तोटीखालून ओघळत पोटावर, पोटावरून टेबलावर आणि टेबलावरून आपल्या विजारीवर येऊ नये. १९५६ साली मार्कस रायनर या शास्त्रज्ञानं या ओघळण्याला ‘टीपॉट इफेक्ट’ असं रीतसर नाव दिलं. पुढे १९९९ साली, न ओघळणाऱ्या तोटीचं गणित मांडल्याबद्दल जोसेफ केलर आणि जाँ-मार्क वांदेन-ब्रूक यांना इग्नोबेल हे विनोदी पारितोषिक मिळालं. ते पारितोषिक त्यांना वाटून घ्यावं लागलं, कारण चहात बिस्किट कसं बुडवावं यावर संशोधन करणारे लेन फिशर हेही त्या वर्षीचे मानकरी होते. विज्ञान आपल्या दारापर्यंत पोचतं ते असं. तोटीची कड धारदार ठेवली तर ओघळ कमी होतो, हे यीशिंगचे कारागीर गणित न मांडताच हातानं करत आले आहेत.

आता दोष. इथे परीक्षकानं जपून बोलावं लागतं, कारण हातच्या वस्तूत खोट कोणती आणि खूण कोणती, हे ठरवणंच कठीण. अंगावर काळा ठिपका दिसला तर तो मातीतल्या लोखंडाचा, भट्टीत वितळलेला. बारीक तांबड्या मातीवर सुरकुत्या दिसल्या तर त्या आकसण्याच्या. आत हात घातला तर पट्टीचा सांधा बोटाला लागतो. या खुणा. गाळणीची भोकं मातीनं बुजलेली असणं, कान वाकडा लागल्यामुळे किटली हातात कलणं, तोटीच्या सांध्याला चीर असणं, या खोटी. खुणेमुळे चहा बिघडत नाही, खोटीमुळे बिघडतो. एवढी एक कसोटी धरली तर पुष्कळ वाद मिटतात.

पण मिटत नाहीत. कारण आतला सांधा ही हातच्या कामाची खूण आहे हे घेणाऱ्यांना कळलं, हे विकणाऱ्यांनाही कळलं. तेव्हापासून साच्यातल्या किटलीतही मुद्दाम सांधा उमटवतात. आमच्याकडे खोटी नोट करणारा माणूस पाण्याच्या खुणेवर सर्वांत जास्त मेहनत घेतो, त्यातलाच प्रकार. तेव्हा हाताची चूक मी माफ करायला तयार आहे. हातची असल्याची थाप मात्र माफ करायला तयार नाही.

या थापेचं मूळ तळाच्या शिक्क्यात आहे. यीशिंगच्या कारागिराचा शिक्का किटलीच्या तळाला असतो आणि भाव त्याच्यावर ठरतो. गू जिंगझोउ (१९१५–१९९६) हे गेल्या शतकातले तिथले फार मोठे कारागीर. त्यांनी १९४८ साली घडवलेली एक किटली २०१० साली बीजिंगच्या लिलावात १ कोटी २३ लाख २० हजार युआनला गेली. त्याच २०१० साली चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीनं दाखवलं, की भलत्याच मातीत रंगाची रसायनं मिसळून तिला झीशा म्हणून खपवलं जातं आहे. वर कोट्यवधींचा लिलाव, खाली रंगवलेली माती. दोन्ही बातम्या एकाच खात्याच्या जमा आणि नावे बाजू आहेत, असं माझं हिशेबी मत आहे. शिक्क्याचा भाव एवढा चढला की मातीकडे बघणार कोण?

या बाबतीत मला एक जुनी जोडी फार आवडते. चेन होंगशोउ ऊर्फ मानशंग (१७६८–१८२२) हे शेजारच्या लियांग तालुक्याचे सरकारी अधिकारी. कवी, चित्रकार, अक्षरांचे जाणकार. त्यांनी किटल्यांचे नवे आकार आखले, त्यावर मजकूर कोरला, आणि घडवण्याचं काम केलं यांग पेंगनियान नावाच्या कारागिरानं. या किटल्यांच्या तळाला शिक्का आहे तो साहेबांचा. कारागिराचा शिक्का शोधायचा असेल तर कानाखाली पाहावं लागतं. तिथे तो लहानसा बसलेला असतो. ज्यानं मसुदा तयार करून साहेबांच्या सहीला पाठवला आहे आणि कोपऱ्यात आपली आद्याक्षरं टाकली आहेत, अशा कोणत्याही कारकुनाला हे वाचून बरं वाटेल. निदान त्याचं नाव कुठेतरी राहिलं. अनेकांच्या बाबतीत कानाखाली बसते ती वेगळीच गोष्ट.

राहिली निगा. चिनी लोक याला ‘यांग हू’ म्हणतात, म्हणजे किटली पोसणं. मूल पोसतात त्यातलाच शब्द. नवी किटली आधी पाण्यात हळूहळू तापवून तिच्या अंगातली भुकटी काढायची, आपण नवा माठ भिजत घालतो तशी. साबण लावायचा नाही, बिडाच्या तव्याला लावत नाही तसा. एका किटलीत एकाच जातीचा चहा. काम झालं की पानं काढायची, गरम पाण्यानं विसळायची आणि झाकण उघडं ठेवून वाळू द्यायची. रोज वापरून फडक्यानं पुसत गेलं की काही वर्षांनी अंगावर मऊ झळाळी चढते. ही चक्रवाढ व्याजासारखी असते, मुदतीआधी मिळत नाही. घाई झालेले काही विक्रेते बुटाचं पॉलिश चोळून ती आणतात.

निगेच्या भोवती दंतकथाही पुष्कळ पोसल्या गेल्या आहेत. म्हणे, चांगल्या किटलीत रात्रभर चहा ठेवला तरी खराब होत नाही. होतो, बुरशी शिक्का वाचत नाही. म्हणे, जुन्या किटलीत नुसतं गरम पाणी ओतलं तरी चहा होतो. सहा वर्षं वापरलेल्या आमच्या किटलीत मी ओतून पाहिलं. पाण्याला चहाचा वास आला, चहा आला नाही. ही म्हणाली, “पगाराच्या पाकिटाचंही महिनाअखेरीस असंच होतं.”

भाच्याला मी शिक्का कोणाचा म्हणून विचारलं होतं. तो म्हणाला, “मामा, दुकानदारानं मोठं नाव सांगितलं, पण पैसे छोटे घेतले.” एवढ्यात सगळं आलं. तरीही परीक्षकाचा शेरा लिहिणं माझं काम आहे, तो असा: ‘धार स्वच्छ. झाकण ठीक. कानाखाली काही नाही. तळाची सही संशयास्पद, नमुन्याशी जुळवता आली नाही. तथापि व्यवहार रोजचा आणि चोख. खातं चालू ठेवावं.’