‘मंथन’मधील दूध संस्था : सभासद कोण?

दुग्धसहकार आणि ग्रामीण विकास यांच्या परस्परसंबंधाची चर्चा करताना श्याम बेनेगल दिग्दर्शित ‘मंथन’ (१९७६) या हिंदी चित्रपटाचा उल्लेख अपरिहार्यपणे होतो. गुजरातमधील सुमारे पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन त्याची निर्मिती केली. पटकथा विजय तेंडुलकरांची असून तिला राष्ट्रीय पुरस्कार लाभला. स्मिता पाटील, मोहन आगाशे यांच्या भूमिकांमुळेही मराठी प्रेक्षकाला तो आपला वाटतो. सहकार व ग्रामीण विकास या विषयांच्या वर्गात आपण तो ‘आणंदची कथा’ म्हणून दाखवितो. तो त्या कथेचे यथातथ्य चित्रण आहे काय, आणि नसल्यास जे बदलले त्याचे मोल कोणाला द्यावे लागले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

चित्रपटाचा आरंभ रेल्वेने गावात उतरणाऱ्या डॉ. राव (गिरीश कर्नाड) या पशुवैद्यकापासून होतो. सहकार येथे बाहेरून, शासकीय तज्ज्ञाच्या रूपाने येतो. खेडा जिल्ह्याचा इतिहास मात्र वेगळा आहे. मुंबईच्या दूध योजनेसाठी दूध गोळा करण्याचा मक्ता पोल्सन कंपनीकडे होता आणि उत्पादकाच्या हाती अल्प भाव पडत होता. सरदार पटेलांच्या सल्ल्याने व मोरारजी देसाई यांच्या उपस्थितीत जानेवारी १९४६ मध्ये समरखा येथे शेतकऱ्यांची सभा झाली. त्यानंतर सुमारे पंधरा दिवस शेतकऱ्यांनी दूध देणे बंद केले. त्या संपातून त्रिभुवनदास पटेल यांच्या नेतृत्वाखाली संघ उभा राहिला व १४ डिसेंबर १९४६ रोजी त्याची नोंदणी झाली. डॉ. वर्गीस कुरियन आणंदला आले ते १९४९ मध्ये. म्हणजे संघटना आधी आणि तज्ज्ञ नंतर, असा हा क्रम होता. चित्रपटाने तो उलटा केला. कथेच्या श्रेयात स्वतः कुरियन यांचेही नाव आहे, ही गोष्ट या ठिकाणी नमूद करण्यासारखी आहे.

तथापि या उलट्या क्रमाची दुरुस्ती तेंडुलकरांची पटकथा स्वतःच करू लागते, असे माझे मत आहे. अध्यक्षपदाच्या निवडणुकीत सरपंचाचा पराभव होऊन दलित वस्तीतील उमेदवार निवडून येतो. दुखावलेला सरपंच खासगी डेअरीच्या मिश्राशी (अमरीश पुरी) हातमिळवणी करतो, दलितांच्या झोपड्या जळतात आणि अखेरीस रावांची बदली होते. गाडी निघून गेल्यावर संस्था पुन्हा उभी करण्यासाठी उरतो तो भोला (नसीरुद्दीन शाह). बाहेरच्या माणसावर प्रारंभी कडवट अविश्वास दाखविणारा हा दलित तरुणच संस्थेचा खरा वारसदार ठरतो. जातीच्या प्रश्नाला चित्रपटाने दिलेले हे उत्तर निःसंदिग्ध आहे. सहकाराचा गौरव करण्यासाठी निघालेल्या, उत्पादकांच्याच पैशाने बनलेल्या चित्रपटाने गावातील सत्तासंघर्ष इतक्या स्पष्टपणे दाखवावा, हे धाडसाचेच म्हटले पाहिजे.

बिंदूबाबत (स्मिता पाटील) असे म्हणता येत नाही. राव दुधाचा नमुना घेण्यासाठी तिच्या दारी जातात, हा प्रसंग दुग्धव्यवसायाच्या अर्थशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. व्यापारी मापाने दूध घेतो आणि भाव स्वतः ठरवितो. संस्था मात्र फॅट तपासते व त्यानुसार दाम देते. म्हशीच्या दुधात फॅट सहा-सात टक्क्यांपर्यंत असल्याने नुसत्या मापावर दूध घालणाऱ्या प्रामाणिक उत्पादकाचे नुकसान होते, आणि पाणी घालणाऱ्याचे फावते. सकाळ-संध्याकाळ सर्वांसमक्ष होणारी ही तपासणी म्हणजे सहकारावरील विश्वासाचा पाया होय. तो पाया ज्या दुधावर उभा राहतो ते बिंदूच्या म्हशीचे आहे. वैरण, शेणघाण, धार ही सारी कामे ती करते.

असे असूनही तिचे सभासदत्व हा कथानकाचा प्रश्नच होत नाही. भोलाचे संस्थेशी नाते राजकीय आहे. बिंदूचे नाते प्रामुख्याने रावांविषयीच्या अव्यक्त ओढीतून दाखविले जाते. कथानकाला निर्णायक वळण देणारी तिची कागदावरील खूण म्हणजे मिश्राने रावांविरुद्ध मिळविलेला अंगठा! ज्या स्त्रीच्या श्रमावर संस्था चालते तिचा अंगठा संस्थेच्या नोंदवहीत नव्हे, तर शत्रूच्या तक्रारीत उमटावा, यातील भेदकता पटकथाकाराला जाणवली असावी. पण चित्रपट तिथे थांबत नाही, तो रावांच्या दुःखाकडे वळतो. स्मिता पाटील यांचा अभिनय एवढा समर्थ आहे की ही उणीव सहजी लक्षात येत नाही.

१९७६ सालच्या चित्रपटाला आजचे निकष लावणे अन्यायाचे आहे, असा आक्षेप येथे घेतला जाईल. परंतु ही उणीव केवळ चित्रपटाची नाही. दूध घरातील स्त्रीचे आणि खाते पुरुषाचे, ही व्यवस्था बहुतेक दूध संस्थांत दीर्घकाळ रूढ होती. १९८६-८७ मध्ये सुरू झालेल्या केंद्र शासनाच्या ‘स्टेप’ कार्यक्रमातून महिलांच्या स्वतंत्र दूध संस्थांना चालना मिळाली. तरीही देशातील दूध संस्थांच्या सभासदांत स्त्रियांचे प्रमाण आजही एक तृतीयांशाच्या आसपासच आहे. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या कोल्हापूरच्या ‘गोकुळ’सारख्या संघाच्या निवडणुकीत प्राथमिक संस्थेचा ठरावधारक प्रतिनिधी मत देतो. गावपातळीवर जिचे नावच नोंदवहीत नाही, तिला हा ठराव मिळण्याचा प्रश्न उद्भवत नाही. निर्मितीसाठी दिलेल्या दोन रुपयांकडेही या दृष्टीने पाहता येईल. ते दुधाच्या पैशांतून आले आणि धारा काढणारे हात बहुतांशी स्त्रियांचे होते. श्रेयनामावलीत मात्र ‘शेतकरी’ एवढाच उल्लेख आहे.

पुनरुज्जीवित प्रत २०२४ च्या कान महोत्सवात दाखविली गेल्यापासून ‘मंथन’ पुन्हा चर्चेत आला आहे. महाविद्यालयांतून त्याचे खेळ होतील तेव्हा त्याआधी खेडा संपाचा वृत्तान्त विद्यार्थ्यांना सांगितला जावा. खेळानंतर त्यांना जवळच्या दूध संस्थेत पाठवावे. संकलनाच्या वेळी दूध घेऊन कोण येते आणि सभासद नोंदवहीत नाव कोणाचे आहे, या दोन याद्या त्यांनी शेजारी शेजारी मांडाव्यात.