वेदनेवाचून वीररस : ‘मर्द को दर्द नहीं होता’ आणि प्रेक्षकाचा अभिप्राय

चित्रपटांविषयी बोलणे निघाले, की नांदेड काय किंवा लातूर काय, पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांचे अभिप्रायाचे शब्द ठरलेले असतात : ‘लई भारी’, ‘टाइमपास’, ‘पैसा वसूल’, आणि मत प्रतिकूल असल्यास ‘फालतू’. ही शब्दसंपत्ती तुटपुंजी म्हणून हसण्यावारी नेण्याचा मोह अध्यापकास होतो. तथापि २०१४ साली जानेवारीत ‘टाइमपास’ व जुलैत ‘लई भारी’ असे दोन मराठी चित्रपट प्रदर्शित झाले आणि दोन्ही लोकप्रिय ठरले. प्रेक्षकाचा निकालच निर्मात्यांनी आगाऊ शीर्षक म्हणून उचलला होता. दुसऱ्याचा नायक रितेश देशमुख लातूरचा, आणि ‘लई’ हे रूपही आपल्याकडील नित्याच्या बोलण्यातले. तेव्हा अशा शब्दांची छाननी करणे भाषाभ्यासकास कमीपणाचे वाटू नये.

या छाननीसाठी वासन बाला यांचा ‘मर्द को दर्द नहीं होता’ हा हिंदी चित्रपट विशेष उपयुक्त आहे. २०१८ साली टोरांटोच्या महोत्सवात ‘मिडनाइट मॅडनेस’ या विभागात त्यास प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार मिळाला. मार्च २०१९ मध्ये तो आपल्याकडे प्रदर्शित झाला, तेव्हा मात्र तिकीटखिडकीवर त्याला बेताचाच प्रतिसाद लाभला. एकाच कृतीविषयी दोन प्रेक्षकवर्गांचे निकाल एवढे भिन्न का व्हावेत?

शीर्षकापासूनच आरंभ करू. हे वाक्य १९८५ च्या ‘मर्द’ या अमिताभ बच्चन यांच्या चित्रपटामुळे सर्वतोमुखी झाले. तेथे ती एक बढाई होती, म्हणजे लक्षणेचा व्यापार होता. बाला यांनी ती अभिधेने घेतली. त्यांचा नायक सूर्या यास जन्मतःच शारीरिक वेदना जाणवत नाही. बढाईचे असे निदान झाले, की विनोद आपोआप निर्माण होतो. पुढील रचना व्हिडिओ गेमच्या वळणाची आहे. सूर्याच्या पाठीवर पाण्याची पिशवी असते. पाणी संपले की त्याचे बळ सरते. गेममध्ये पडद्याच्या कोपऱ्यात खेळाडूची उरलेली शक्ती दाखविणारी पट्टी असते, तिचेच काम ही पिशवी करते. शंभर जणांना लोळविणारा एकपायी कराटेवीर मणी हा जुन्या व्हिडिओ फितीतला आदर्श; तो प्रत्यक्ष भेटणे म्हणजे जणू वरची पायरी गाठणे. मारामारीत गती मंदावते, प्रतिस्पर्धी क्रमाने सामोरे येतात, आणि नायक स्वतःच निवेदन करीत राहतो.

हे संकेत ज्यास परिचित, त्यास चित्रपट सुबोध. ज्यास अपरिचित, त्यास पोरकट. एडगर राइट यांच्या ‘स्कॉट पिलग्रिम’ (२०१०) या चित्रपटाचीही हीच गत झाली. तेथे पराभूत शत्रूची नाणी होऊन विखुरतात. प्रदर्शनाच्या वेळी त्याचा खर्चही भरून निघाला नाही. पुढे मात्र त्यास निष्ठावंत चाहते लाभले. भाषा न कळल्यास वाक्य निरर्थक वाटते. परंतु तो दोष वाक्याचाच असतो असे नव्हे.

येथे एक गंभीर आक्षेप उरतो. रौद्राचे जे कर्म, त्यातून करुण उद्भवतो, असे भरताने नाट्यशास्त्रात म्हटले आहे. गेममध्ये ही साखळी तुटते. पडलेला माणूस नाहीसा होतो. त्याच्यामागे कोणी रडत नाही. रौद्रातून हास्य निघते आणि करुणाची जागा रिकामी राहते. यावर ‘डोके घरी ठेवून पाहावा’ हे उत्तर पुरेसे नाही. त्याने आक्षेपाचे निरसन होत नाही, तो केवळ टाळला जातो.

बाला यांच्या चित्रपटापुरते पाहता, मात्र, करुण त्यांनी पूर्णतः गमावलेला नाही. वेदना ही शरीराची खूण आहे. ती न कळणाऱ्या मुलाची जीभ चावली जाते, त्वचा भाजते, हाड मोडते, आणि त्याला पत्ताही लागत नाही. वरदान वाटणारी गोष्ट वस्तुतः संकट आहे, हे चित्रपट जाणतो. महेश मांजरेकरांनी रंगविलेला आजोबा नातवाला जी शिकवण देतो, तिचे मूळ या संकटातच आहे. आणि मारहाण करणाऱ्या बापाच्या घरी वाढलेली सुप्री हिला वेदना होते. ती लढते तेव्हा फटक्याला वजन असते. चित्रपटाचे खरे बळ या दोघांच्या शेजारशेजारच्या मांडणीत आहे. उत्तरार्धात मारामाऱ्या लांबतात, खेळ कथेला गिळू लागतो, आणि सुप्रीचे दुःख बाजूस पडते. दोष शोधायचाच तर तो येथे आहे. हिंसा विनोदी असण्यात नाही.

आता पुन्हा अभिप्रायाकडे वळू. सूर्याच्या तोंडी जी ‘आई गं’ यावयास हवी, ती प्रेक्षागृहात प्रेक्षकाच्या तोंडून येते. व्याकरणात अशा उद्गारास केवलप्रयोगी अव्यय म्हणतात. ‘लई भारी’ हा शब्दबंध रूपाने विशेषणाचा असला तरी चित्रपटगृहाबाहेर तो याच कार्यासाठी वापरला जातो. तो विधान करीत नाही. भाव प्रकट करतो. म्हणून तो खोटा ठरू शकत नाही, आणि त्यावर वादही होऊ शकत नाही. समीक्षेचा आरंभ या उद्गारापासूनच व्हावा, परंतु तिने तेथेच थांबू नये. ज्या क्षणी तो तोंडून निघाला तो क्षण कोणता, तेथे फटका कोणाला बसला, आणि त्याला तो लागला काय, हे विद्यार्थ्याने सांगावे. ‘लई भारी’ म्हणण्यास आमची हरकत नाही. त्यापुढे ‘कारण’ हे उभयान्वयी अव्यय जोडले जावे, एवढीच अपेक्षा आहे.