शिळ्या माहितीचा प्रामाणिक हिशेब

नाव सांगितले की संगणकाचा क्रमांक देणारी यादी पूर्वी एकच फाइल होती. कॅलिफोर्नियातील एसआरआय संस्थेत ती तयार होई आणि इतर संगणक तिची प्रत उतरवून घेत. संगणक वाढले तसा या यादीचा मेळ राहीना. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी नवी व्यवस्था सुचवली. तिचे १९८७ चे सुधारित टिपण, ‘आरएफसी १०३४’, आम्ही नुकतेच पुन्हा वाचले.

टिपणाचे मोठेपण एका कबुलीत आहे. सर्वांकडे एकाच क्षणी सारखी माहिती असणे अवघड. त्यापेक्षा माहिती मिळत राहणे अधिक महत्त्वाचे, असे ते सरळ मान्य करते. म्हणून प्रत्येक नोंदीसोबत तिची मुदत सेकंदांत लिहिलेली असते. मुदत संपली की साठवलेली प्रत टाकून द्यायची. ही मुदत ठरवतो माहितीचा मालक, प्रत बाळगणारा नव्हे. हे आम्हाला फार योग्य वाटते.

पूर्ण यादीची प्रत ठेवणारा दुय्यम सर्व्हर ठरावीक काळाने मुख्य सर्व्हरला यादीचा अनुक्रमांक विचारतो. तो वाढला असेल तरच नवी यादी मागवतो. तोवर जुन्या यादीवरून उत्तरे देणे चालूच! मुख्य सर्व्हरशी संपर्क तुटून फार काळ गेला, तर मात्र तो जुनी यादी वापरणे थांबवतो.

पण येथेच दोन उणिवा दिसतात. यादी हाताने बदलणारा माणूस अनुक्रमांक वाढवायला विसरला, तर दुय्यम सर्व्हर काहीच बदलले नाही असे समजतो. दुसरे म्हणजे, बदल झाल्याचे मुख्य सर्व्हर आपणहून कळवत नसे. ही सोय १९९६ मध्ये आली, तीही दुय्यम सर्व्हरांपुरती. इतरत्र साठलेल्या प्रती मुदत संपेपर्यंत जुनेच उत्तर देतात. बदलापूर्वीच मुदत कमी करून ठेवा, हा टिपणातील उपाय चांगला आहे. पण अचानक आलेल्या बदलापुढे तो लंगडा पडतो.

तरीही आमचे मत टिपणाच्या बाजूचेच आहे. माहिती शिळी होणे हा दोष नव्हे; ती केव्हा शिळी होईल हे न सांगणे हा दोष. वर्गातल्या भिंतीवरचा नकाशा, लोकसंख्येचा तक्ता, पाठ्यपुस्तकातले आकडे यांवर अशी मुदत कुठे लिहिलेली असते? पुढच्या तासाला मुलांना हा प्रश्न जरूर विचारून पाहा.