चिमणीवरचा माणूस आणि गटारातला माणूस

श्रमाचे कौतुक करणाऱ्याकडे दलित वाचक संशयाने पाहतो. त्याला कारण आहे. घाम गाळणाऱ्याचे गोडवे गाणारे या देशात कधीच कमी नव्हते. त्याच्या पंगतीला बसणारे मात्र बोटांवर मोजण्याइतकेच निघाले. श्रमाची पूजा आणि श्रमिकाचा विटाळ या दोन्ही गोष्टी आपल्याकडे एकाच घरात सुखाने नांदल्या. म्हणून एखाद्या कामगाराचे लाखो लोकांनी कौतुक केले असे ऐकले की मनात पहिला प्रश्न उभा राहतो तो असा : कौतुक नेमके कशाचे झाले, आणि त्या कौतुकाखाली काय झाकले गेले? हा प्रश्न मी येथे एका परक्या उदाहरणावर तपासणार आहे. उदाहरण इंग्लंडचे आहे, कामगार गोरा आहे आणि माध्यम दूरचित्रवाणीचे आहे. प्रश्न मात्र आपला आहे.

फ्रेड डिबना हा बोल्टन या लँकेशायरमधील गिरणगावचा माणूस. जन्म १९३८, मृत्यू २००४. आधी तो सुतारकाम शिकला आणि मग स्टीपलजॅक झाला. गिरण्यांच्या उंच चिमण्या, चर्चचे मनोरे यांवर चढून त्यांची दुरुस्ती करणारा, आणि वेळ आली की त्या पाडणारा कारागीर म्हणजे स्टीपलजॅक. १९७८ साली बोल्टनच्या टाऊन हॉलवर तो दुरुस्ती करीत असताना बीबीसीच्या स्थानिक बातम्यांनी त्याला टिपले. पाठोपाठ १९७९ मध्ये डॉन हॉवर्थ यांनी त्याच्यावर माहितीपट केला, त्याला बाफ्टा पुरस्कार मिळाला, आणि हा चिमणीवाला घराघरांत पोचला. पुढे पंचवीस वर्षे तो दूरचित्रवाणीवर राहिला. दोन विद्यापीठांनी त्याला मानद पदव्या दिल्या, २००४ मध्ये राजघराण्याचा किताब मिळाला, आणि २००८ मध्ये बोल्टनच्या मध्यवस्तीत त्याचा पुतळा उभा राहिला. एका कारागिराच्या वाट्याला एवढा सन्मान यावा ही साधी गोष्ट नाही.

हॉवर्थ यांच्या माहितीपटाचे बळ कशात आहे? माझ्या मते, त्यांनी काम हे ज्ञान म्हणून दाखविले यात आहे. डिबना चिमणीला शिडी लावतो ती एकदम लावीत नाही. विटांच्या सांध्यात छिद्र पाडायचे, त्यात लाकडी खुंटी ठोकायची, खुंटीत लोखंडी आकडा बसवायचा, आकड्याला शिडी दोराने बांधायची, त्या शिडीवर उभे राहून पुढच्या शिडीची जागा करायची. एकावर एक अशा शिड्या चढवीत तो शेंड्याला जातो आणि तेथे चिमणीभोवती फळ्यांची माची बांधतो. कंबरेला पट्टा नाही, खाली जाळे नाही. डोक्यावर ती मळकी टोपी. तो बोलत असतो, आणि बोलता बोलता हात चालू असतात.

पाडण्याची त्याची रीत तर याहून विचार करण्याजोगी आहे. सुरुंग न लावता तो चिमणी पाडतो. ज्या बाजूला ती पडायला हवी त्या बाजूने पायथ्याच्या विटा काढीत जायचे, आणि काढलेल्या प्रत्येक जागी लाकडी टेकू पाचर मारून घट्ट बसवायचे. अर्ध्याहून अधिक घेर असा टेकूंवर आला की शेकडो टन वीट लाकडांवर उभी असते. मग त्या लाकडांभोवती जाळ करायचा. टेकू जळतात, वर तडा जातो, आणि तो तडा रुंदावेपर्यंत हा माणूस पायथ्याशी थांबून वर बघत असतो. मग पळतो. चिमणी ठरल्या जागी येऊन पडते. येथे धाडस आहे खरे, पण धाडसाच्या आधी गणित आहे. विटेचे वजन, चुन्याची पकड, वाऱ्याची दिशा आणि लाकूड जळायला लागणारा वेळ यांचे हे गणित त्याच्या हातांना आणि डोळ्यांना येते. प्रस्थापित समाज कामगाराला हिंमत देऊ करतो. बुद्धी मात्र स्वतःकडे ठेवतो. हा माहितीपट तसे करीत नाही. कॅमेरा घाई न करता हात पाहत राहतो, आणि प्रेक्षकाला कळते की या हातांना डोके आहे.

दुसरी गोष्ट भाषेची. डिबना आपल्या गावच्या बोलीत बोलतो. बीबीसीच्या ‘शुद्ध’ इंग्रजीच्या घरात तो पायातले बूट न काढता शिरला, आणि कोणी त्याला पाय धुवायला सांगितले नाही. तो पहिल्यांदा पडद्यावर आला त्याच १९७८ साली आपल्याकडे दया पवारांचे ‘बलुतं’ प्रसिद्ध झाले. त्या काळात आपल्याकडे बोलीवरून केवढे वादळ उठले होते, हे जुन्या वाचकांना सांगायला नको. बोलीतून अनुभव येतो, ज्ञान येत नाही, असा एक समज आपल्या मराठीच्या वर्गांत अजून जिवंत आहे. वस्त्यांतून आलेली पहिल्या पिढीची पोरे वर्गात तोंड उघडायला कचरतात ती याच समजापायी. मीही त्याच वाटेने आलो आहे. डिबनाची बोली यंत्रशास्त्र शिकवते. एवढ्यासाठी तरी हा माहितीपट आमच्या विद्यार्थ्यांनी पाहावा.

आता दुसरी बाजू. इंग्लंडने या कामगारावर प्रेम केले ते केव्हा? जेव्हा त्याचा धंदा संपत आला होता तेव्हा. लँकेशायरच्या गिरण्या एकामागून एक बंद पडत होत्या आणि चिमण्या निरुपयोगी झाल्या होत्या. चिमण्यांवर जीव असलेल्या माणसाला त्या पाडूनच पोट भरावे लागले, आणि ही खंत त्याच्या बोलण्यात वारंवार येते. १९७९ हेच मार्गारेट थॅचर सत्तेवर येण्याचे वर्ष. पुढे १९८४-८५ च्या संपात खाणकामगारांचे कंबरडे मोडले गेले, त्या वर्षांतही हा एकटा कामगार लोकांचा लाडकाच होता. संघटित कामगार डोळ्यांत खुपत होता आणि शिडीवरचा एकटा कामगार गोड वाटत होता, या दोन गोष्टी एकत्र वाचायला हव्यात. डिबनाचा यात दोष नाही. तो स्वतःच्या धंद्याचा धनी होता, जसा होता तसाच पडद्यावर आला. पण जो मागणी करीत नाही त्याचे कौतुक करणे स्वस्त पडते.

तसेच धोक्याचे. ब्रिटनमध्ये कामगारांच्या सुरक्षिततेचा कायदा १९७४ साली झाला होता. पट्ट्याविना शेंड्यावर उभ्या असलेल्या माणसाकडे पाहून प्रेक्षक श्वास रोखतो, आणि त्या क्षणी पट्टा का नाही हे विचारायला विसरतो. डिबनाची ती स्वतःची निवड होती. पण पडद्यावर निवड आणि नाइलाज सारखेच दिसतात, हे समीक्षकाने विसरता कामा नये.

बोल्टनच्या चिमण्यांचे आणि आपले नाते दूरचे नाही. सूतकताईचे ‘म्यूल’ यंत्र सॅम्युअल क्रॉम्प्टनने १७७९ मध्ये बनविले ते बोल्टनमध्ये. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवीच्या काळात तिकडचा कापूस अडला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईच्या गिरण्यांत लँकेशायरची यंत्रे आली, यंत्रांबरोबर चिमण्या आल्या, भोंगा आला. आणखी एक गोष्ट दोन्हीकडे होती. धोट्यात नवी कांडी भरली की विणकर सुताचे टोक तोंडाने ओढून घेई. लँकेशायरमध्ये ही सवय रोगाला आमंत्रण म्हणून वादाचा विषय झाली. मुंबईत तीच विटाळाचा विषय झाली. अस्पृश्याच्या ओठांना लागलेला धोटा आम्ही तोंडाला कसा लावायचा, असे म्हणून सवर्ण कामगारांनी जास्त पगाराचे विणकाम खाते अस्पृश्यांना बंद ठेवले. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. यंत्र एक, सूत एक, ओठ मात्र वेगळे! जात ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे हे त्यांनी १९३६ मध्ये मांडले, त्यामागे असे जगणे होते. डिबना सुतार होता तो स्टीपलजॅक झाला, कारण त्याला आवड होती. आपल्याकडे कामाने माणूस निवडला, माणसाने काम निवडले नाही.

म्हणून डिबनाच्या माहितीपटाशेजारी मी चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) ठेवतो. त्यात गटारात उतरणारा एक सफाई कामगार मरतो, आणि त्याच्या मरणाचे खापर एका लोकशाहिराच्या गाण्यावर फोडले जाते. शाहिराची भूमिका आपल्या वीरा साथीदारांनी केली होती. हा सफाई कामगार पडद्यावर एकदाही काम करताना दिसत नाही. त्याचे काम आपल्याला कळते ते त्याच्या बायकोच्या साक्षीतून. उतरण्याआधी तो गटारात खडा टाकी; झुरळे बाहेर आली तर आत श्वास घेण्याजोगी हवा आहे असे समजून उतरे. सुरक्षेचे साधन काही नव्हते.

हा खडा आणि डिबनाचे टेकू एकाच जातीचे ज्ञान आहे. निरीक्षणातून आलेले, जिवावर तोललेले, कोणत्याही पुस्तकात नसलेले. एक ज्ञान चिमणीच्या शेंड्यावरून हसत हसत सांगितले जाते आणि त्याला मानद पदवी मिळते. दुसरे मेल्यानंतर, विधवेच्या तोंडून, पुरावा म्हणून कागदावर उतरते. ताम्हाणे कामगाराला दाखवीत नाहीत, ही मला चित्रपटाची उणीव वाटत नाही. ज्याला समाजाने कधी पाहिलेच नाही, त्याचे न दिसणे त्यांनी जसेच्या तसे ठेवले आहे.

मग आपली मागणी काय? गटारात उतरणाऱ्यालाही वीर म्हणा, त्याच्यावरही मालिका काढा, अशी मागणी कोणी करील तर ती मला मान्य नाही. चिमणीवरचे काम माणसाला शोभणारे आहे; त्याला पट्टा हवा, दाम हवा, मान हवा. गटारातले काम माणसाने करायचेच नाही. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांविना गटारात उतरविण्यास बंदी केली. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मृतांच्या वारसांना दहा लाख देण्याचा आदेश दिला, २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. भरपाईचा आकडा वाढवावा लागतो याचा अर्थ माणसे अजून मरत आहेत. अशा कामाला शौर्य म्हणणे म्हणजे मारणाऱ्या व्यवस्थेला हार घालणे.

श्रमाचे चित्रण तपासताना म्हणून मी तीन प्रश्न विचारतो. कामगाराचे ज्ञान दिसते का? ते काम त्याने निवडले का, आणि ते सोडण्याची मुभा त्याला आहे का? आणि त्याच्या जिवाचा धोका कामातच आहे, की कोणाच्या तरी काटकसरीतून आणि जातीतून आला आहे? पहिल्या प्रश्नाला डिबनाचा माहितीपट पुरेपूर उतरतो, आणि मी त्याचे मनापासून कौतुक करतो. उरलेले दोन प्रश्न तो विचारीत नाही, कारण त्याच्या समाजात ते त्याला विचारावे लागले नाहीत. आपल्या लेखकाला ती सूट नाही. दलित साहित्याने वेदना लिहिली, नकार लिहिला. पण आपल्या बापांच्या आणि आयांच्या हातांत जे ज्ञान होते, चामडे कमावण्याचे, दोर वळण्याचे, वाद्य मढविण्याचे, ते अजून पुरते लिहिले गेलेले नाही. ते कामाच्या क्रमाने, हाताच्या बारकाव्यानिशी आणि त्यांच्या बोलीत लिहा. ते लिहिताना ज्या जातीने ते त्यांच्यावर लादले तिला मात्र एका ओळीचीही माफी देऊ नका.