चिमणी राखली, साचेखाते विसरले

समुद्र आमच्या बारामती-इंदापूर तालुक्यांच्या वाट्याला आलेला नाही. निरेचा कालवा आला, अलीकडे उजनीचे पाणी आले. पण ज्यांना कालव्याखाली जमीन नव्हती त्यांना पोटासाठी समुद्राकाठच्या मुंबईची वाट धरावी लागली. म्हणून तिथल्या बंद गिरण्यांचे पुढे काय झाले, हा प्रश्न आमच्या वस्त्यांना परका नाही.

बंद पडलेला कारखाना घ्यावा, त्यातही पाण्याकाठचा. त्याच्या उघड्या विटा, गंजलेल्या तुळया आणि उंच खिडक्या जपाव्यात. आणि आत मुक्कामाच्या महागड्या खोल्या काढाव्यात, अशी एक अभिरुची जगभर रूढ झाली आहे. अशा वास्तूला 'डिझाईन हॉटेल' म्हणतात. व्हेनिसमध्ये जुदेक्का बेटावर मोलिनो स्टुकी ही पिठाची अवाढव्य गिरणी होती. ती 1955 मध्ये बंद पडली आणि 2007 मध्ये तिथे हिल्टनचे हॉटेल उघडले. ज्या स्टुकीने ती उभारली त्याचा 1910 मध्ये त्याच्याच एका कामगाराने खून केला होता. विटा जपताना हा इतिहास कुठे ठेवायचा, हा प्रश्न वास्तुशिल्पकाराच्या आराखड्यात बसत नाही.

विटा पाडू नयेत याला आमचा विरोध नाही. जुने सारे पाडून काचेचे मनोरे उभारणाऱ्यांपेक्षा हे लोक बरे. आमचा आक्षेप या अभिरुचीच्या मुळाशी जे आहे त्याला आहे. गंज सुंदर दिसू लागतो तो त्यात कोणाला राबावे लागत नाही तेव्हापासून. धूर थांबला की चिमणी शिल्प होते, भोंगा थांबला की शांतता विकता येते. पडझडीतले सौंदर्य हे फुरसतीचे सौंदर्य आहे. आमच्या गावकुसाबाहेरच्या भिंती पिढ्यानपिढ्या पडक्या होत्या. त्यांच्या पोपड्यांत कोणाला सौंदर्य दिसल्याचे ऐकिवात नाही.

मुंबईत काय झाले ते पाहावे. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर कधी मागे घेतला गेला नाही. माणसेच हळूहळू संपली. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतील 58 व्या कलमाने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरवले: महापालिकेला मोकळी जागा, म्हाडाला घरे आणि उरलेला मालकाला. 2001 मध्ये या कलमात दुरुस्ती झाली. वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची करायची, बांधकाम पाडून मोकळी होणारी जमीन हिशेबात धरायची नाही, असे ठरले. गिरणी म्हणजे शेडच शेड. मोकळी जमीन असणार ती किती? 7 मार्च 2006 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती उचलून धरली. एका शब्दाच्या अर्थावर गिरणगावातल्या शेकडो एकरांचे भवितव्य ठरले. शब्दांचे सामर्थ्य पाहायचे असेल तर आमच्या समीक्षकांनी अधूनमधून अशी कलमेही वाचावीत.

लोअर परळच्या फिनिक्स मिलची स्थापना 1905 ची. तिच्या आवारात प्रथम आली बोलिंगची करमणूक. तिची परवानगी कामगारांच्या मनोरंजनाच्या नावावर मिळवली, असा आक्षेप तेव्हा कामगारांच्या बाजूने घेतला गेला. मग दुकाने आली, मॉल आला आणि 2012 मध्ये पंचतारांकित हॉटेलचा मनोरा. त्याचे नाव तीन वर्षांत दोनदा बदलले: शांग्रीला, पॅलेडियम, सेंट रेजिस. चिमणी मात्र जागेवर आहे. शेजारच्या कमला मिलच्या आवारात, 29 डिसेंबर 2017 च्या रात्री गच्चीवरल्या उपाहारगृहांना आग लागून 14 माणसे गेली. आणि ज्या कामगारांनी घरासाठी अर्ज भरले ते दीड लाखाच्या आसपास. पैकी बहुसंख्यांची सोडत लागलीच नाही आणि पुढे त्यांना शेलू-वांगणीची वाट दाखवण्यात आली. चिमणी परळला, कामगार कर्जतच्या गाडीला, असा हा वारसा-जतनाचा हिशेब आहे.

इथपर्यंतचे सारे डावे मित्रही सांगतात आणि खरे सांगतात. पुढचे ते सांगत नाहीत.

गिरणी एक नव्हती, खाती अनेक होती. साचेखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या खात्यात, पगार जास्त. धोट्यात नवी कांडी भरली की सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याच्या थुंकीचा धोटा सवर्ण कामगार तोंडाला लावणार कसा? म्हणून साचेखाते अस्पृश्यांना बंद. त्यांना त्रासनखाते, म्हणजे कमी मजुरीचे सूत कातण्याचे काम. हा नियम मालकाने लिहिलेला नव्हता. कामगारानेच तो कामगारावर लादला होता. 1928 च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना बजावले की ही बंदी उठवण्याची मागणी तुमच्या मागण्यांत घाला, नाहीतर आमच्या लोकांनी तुमच्यासोबत उपाशी का राहावे? मागणी घातली गेली, ती नाखुशीने. दहा वर्षांनी, फेब्रुवारी 1938 मध्ये मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांपुढे बोलताना त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. त्याच वर्षी 7 नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्धच्या संपात ते कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले, हेही विसरू नये. एकजूट त्यांना हवी होती; धोटा लपवून केलेली एकजूट नको होती.

आता आमच्या वाङ्मयाकडे वळू. गिरणगावाने मराठीला मोठी कविता दिली, अण्णा भाऊंसारखा गिरणीत राबलेला लेखक दिला, नारायण सुर्व्यांचे 'माझे विद्यापीठ' (1966) दिले. संपानंतरच्या उद्ध्वस्त घराचे जयंत पवारांनी 'अधांतर'मध्ये जे चित्र रंगवले, त्याच्या तोडीचे मराठी नाटक त्या काळात फारसे नाही. पण या साऱ्या लेखनातून 'कामगार' नावाचा जो माणूस उभा राहतो, त्याला बहुधा जात नसते. असली तर ती नकळत मधल्या जातीची असते. भोंगा सर्वांसाठी एकच वाजे, हे या लेखनाचे गृहीतक. भोंगा एकच वाजे हे खरे. पण दरवाज्यातून आत गेल्यावर कोण कोणत्या खात्यात वळे, पाण्याच्या कोणत्या माठाला कोणाचा हात लागे, हे त्यात येत नाही. हॉटेलवाल्याने चिमणी ठेवून कामगार वगळला. कामगार-साहित्याने कामगार ठेवला आणि त्रासनखाते वगळले. दोन्हींची तुलना करणे काहींना अन्यायाचे वाटेल. हेतू भिन्न आहेत हे मान्य. वगळले गेलेले माणूस मात्र एकच आहे.

याला एक अपवाद घडला, आणि तोही अगदी समुद्राकाठी. दादरच्या चैत्यभूमीला लागून इंदू मिल, म्हणजे इंडिया युनायटेड मिल क्रमांक 6. सुमारे साडेबारा एकर जागा, समोर अरबी समुद्र. बाजाराच्या हिशेबाने पाहिले तर मुंबईत हॉटेलला यापेक्षा चांगली जागा शोधून सापडणार नाही. डिसेंबर 2011 मध्ये आंबेडकरी कार्यकर्ते त्या आवारात शिरले, पुढच्या वर्षी केंद्राने जमीन स्मारकासाठी देण्याचे जाहीर केले आणि 11 ऑक्टोबर 2015 रोजी भूमिपूजन झाले. एका बंद गिरणीची जागा बाजाराच्या हातून सुटली, ती कोणाच्या अभिरुचीमुळे नव्हे, 6 डिसेंबरला पायी चालत येणाऱ्या लोकांच्या रेट्यामुळे.

तरीही आपल्या विजयाकडे टीकेच्या नजरेने पाहायला हवे. स्मारकाची सारी चर्चा पुतळ्याच्या उंचीभोवती फिरली: शंभर फुटांचा चौथरा, साडेतीनशे फुटांचा पुतळा. ग्रंथालय, सभागृह आराखड्यात आहेत, हे उत्तम. पण ज्या माणसाने धोट्याचा प्रश्न राजकारणात आणला, त्याच्या स्मारकात एक धोटा, एक साचा, त्रासनखात्यातल्या माणसांच्या तोंडची हकीकत असावी, अशी मागणी आम्हीही मोठ्या आवाजात केली नाही. गिरणीची जमीन मिळवताना गिरणीच आमच्या ध्यानातून निसटली.

हे फक्त मुंबईपुरते नाही. आज कापडाचा धंदा समुद्र सोडून आत सरकला आहे. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतल्या टेक्स्टाईल पार्कमध्ये शिवणयंत्रांवर आमच्या गावोगावच्या बाया बसतात. इंदापूर तालुक्यात वालचंदनगरला 1930 च्या दशकात साखर कारखान्याभोवती अख्खे गाव वसले. भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वरला सहकारी कारखाने उभे राहिले. उजनीच्या फुगवट्याकाठी भिगवणला रोहित पाहायला शहरातून गाड्या येतात, चिलापी खाऊन जातात. उद्या याच पाण्याकाठी एखाद्या जुन्या शेडचे हॉटेल झाले तर नवल नाही, आणि त्याच्या भिंतीवर उसाच्या गाडीचे जुने छायाचित्रही लावले जाईल. त्याआधी एक काम होण्यासारखे आहे. या कारखान्यांत आमची माणसे कोणत्या खात्यात घेतली गेली, कोण गव्हाणीपाशी, कोण मळीच्या टाकीपाशी, कोण पॅनवर, कायम किती आणि हंगामी किती, वसाहतीत खोली कोणाला कोणत्या रांगेत मिळाली, हे त्यांच्याच तोंडून लिहून घ्यावे. सांगणारी माणसे अजून हयात आहेत.